बॉयलर देखरेख व देखभाल (कोळशावरील वीज केंद्रे)

कोळसा जाळून वाफ तयार करणाऱ्या बॉयलरमधील नळ्या, ड्रम (पाणी व वाफ वेगळी करणारे मोठे भांडे), हेडर (अनेक नळ्या जिथे जुळतात तो जाड नळ) व मुख्य वाफवाहिन्या यांची स्थिती सतत तपासत राहणे, त्यांच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज बांधणे आणि त्या फुटण्यापूर्वी दुरुस्त करणे हे या तंत्रशाखेचे काम. मोठ्या वीजनिर्मिती संचाच्या बॉयलरमधील नळ्यांची एकूण लांबी शेकडो किलोमीटर भरते आणि त्यांतील एक फुटली तरी बहुधा संपूर्ण संच थांबवावा लागतो. कोळशावरील संच अवचित बंद पडण्याच्या कारणांत नळीगळती फार वर्षे वरच्या स्थानी आहे. त्यामुळे या शाखेतील बहुतेक साधने व पद्धती नळीभोवतीच विकसित झाल्या.

नळी एका दिवसात क्वचितच खराब होते. बाहेरून तिला राख घासते. राखेतील क्वार्ट्झचे कण कठीण असतात आणि झीज वायूच्या वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते; म्हणजे वेग दीडपट झाला की झीज तिपटीहून अधिक. इकॉनॉमायझरच्या (बाहेर जाणाऱ्या वायूच्या उष्णतेने बॉयलरचे पाणी तापवणाऱ्या भागाच्या) कडेच्या वळणांपाशी फट राहिली, तर वायू तिथूनच जोराने वाहतो आणि नेमक्या त्याच नळ्या पातळ होतात. भट्टीच्या भिंतीलगत ऑक्सिजन कमी पडला तर गंधकयुक्त वायू पोलाद खातात. आतल्या बाजूला पाण्यातील क्षार व लोहाचे कण साचतात. त्या थराखाली आम्ल तयार झाले, तर हायड्रोजन धातूत शिरून त्याला ठिसूळ करतो. याचे मूळ अनेकदा बॉयलरपासून दूर, कंडेन्सरच्या (वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या) गळक्या नळीत असते. म्हणून पाण्याचा पीएच, विद्युतवाहकता, सिलिका आणि विरलेला ऑक्सिजन यांवरील अखंड लक्ष ही सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित देखभाल आहे.

सुपरहीटर (वाफ आणखी तापवणारा भाग) व रिहीटर (टर्बाइनमधून परतलेली वाफ पुन्हा तापवणारा भाग) यांमध्ये प्रश्न वेगळा असतो. तिथे वाफेचे तापमान ५४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असते आणि ताणाखालील धातू अतिशय संथपणे, पण कायमचा ताणला जातो. या प्रक्रियेला क्रीप म्हणतात. १९५२ मध्ये लार्सन व मिलर यांनी मांडलेल्या सूत्राने तापमान आणि तुटण्यापर्यंतचा काळ यांची सांगड घालता येते. ५४० अंशांना एक लाख तास टिकणारी नळी त्याच ताणाखाली ५५० अंशांना जेमतेम पन्नास हजार तास टिकते, असे या सूत्रावरून निघते. दहा अंशांची ही किंमत आहे. त्यातच वाफेमुळे नळीच्या आत मॅग्नेटाइटचा (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचा) थर वाढतो, तो उष्णता अडवतो, धातू आणखी तापतो आणि थर आणखी वेगाने जाडावतो. या थराची जाडी श्राव्यातीत ध्वनीने मोजली, की नळीने आजवर किती तापमान सोसले याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. नळीवर बसवलेले तापमापक सहसा वायुमार्गाबाहेर असल्याने ही माहिती पुरती देत नाहीत.

चालू संचात गळती ओळखण्याचे प्रभावी साधन म्हणजे ध्वनी. उच्च दाबाची वाफ बारीक छिद्रातून सुटताना विशिष्ट आवाज करते. भिंतींवरील संवेदक तो टिपतात. सूट ब्लोअर (नळ्यांवरची राख वाफेच्या झोताने उडवणारे साधन) चालू असतानाही तसाच आवाज होतो, त्यामुळे तेवढा काळ इशारा दडपावा लागतो. भरपाईचे पाणी वाढणे किंवा प्रेरित प्रवाहाच्या पंख्यावरील (भट्टीतील वायू बाहेर ओढणाऱ्या पंख्यावरील) भार चढणे ही लक्षणे बरेचदा उशिरा दिसतात. दरम्यान सुटलेली वाफ शेजारच्या नळ्या कापत जाते आणि एका नळीचे काम दहा-वीस नळ्यांवर जाते. भट्टीतील वायूचे तापमानही ध्वनीनेच मोजता येते, कारण वायूतील ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो. त्यावरून क्लिंकर (राख वितळून झालेले घट्ट गठ्ठे) कुठे साचतो आहे ते कळते आणि सूट ब्लोअर ठरावीक वेळी चालवण्याऐवजी गरजेप्रमाणे चालवता येतात. ब्लोअर गरजेपेक्षा जास्त चालवला तर त्याची वाफच नळी झिजवते.

खरी तपासणी वार्षिक ओव्हरहॉलमध्ये होते. परांची बांधून, नळ्या साफ करून त्यांची जाडी मोजली जाते. चुंबकीय चाकांचे रोबो आणि ड्रोन आता उंचावरच्या भागांत पोहोचतात. हेडरच्या जोडांवर धातूच्या पृष्ठभागाची प्रतिकृती उचलून क्रीपच्या पोकळ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. सुपरहीटरच्या काही नळ्यांत वापरले जाणारे ऑस्टेनिटिक पोलाद (क्रोमियम-निकेलयुक्त स्टेनलेस पोलादाचा प्रकार) चुंबकीय नसते, पण त्याच्या आतून सुटलेला मॅग्नेटाइटचा थर चुंबकीय असतो. या फरकावरून नळीच्या खालच्या वळणात साचलेला थर नळी न कापता शोधता येतो.

दुरुस्तीत खराब तुकडा कापून नवा जोडणे योग्य. वरून वेल्डिंगचा थर चढवणे ही फार तर तात्पुरती सोय. भट्टीच्या भिंतींना गंजरोधक निकेल मिश्रधातूचे आवरण देतात, तर राख आपटते तिथे ढाली बसवतात. ९ टक्के क्रोमियमच्या पोलादाचे वेल्डिंग झाल्यावर त्याला नियंत्रित उष्णतोपचार द्यावाच लागतो. तो चुकला तर जोड काही वर्षांतच तडकू शकतो. फुटलेला तुकडा भंगारात न टाकता प्रयोगशाळेत पाठवणे आणि प्रत्येक नळीची नोंद नकाशावर ठेवणे यावर कोणत्याही महागड्या यंत्राइतकाच भर द्यायला हवा. कारण न शोधता बदललेली नळी त्याच जागी पुन्हा फुटते.

सौर व पवन विजेचा वाटा वाढल्यापासून कोळशाचे संच वारंवार बंद-चालू करावे लागतात किंवा कमी भारावर ठेवावे लागतात. तापमानाच्या या चढउतारांनी जाड भिंतींच्या हेडरमध्ये शिणवट्याच्या भेगा पडतात, म्हणून चालू करतानाच्या तापमानवाढीचा वेग आता बारकाईने नोंदवला जातो. बंद काळात ओल्या नळ्यांत हवा शिरून गंजाचे खड्डे पडतात. ते टाळण्यासाठी थोड्या दिवसांच्या विश्रांतीतही बॉयलर नायट्रोजनच्या दाबाखाली किंवा पूर्ण कोरडा ठेवतात.