पेरणाऱ्याचा दाखला आणि आपोआप वाढणारे बी: एकाच शेतातील दोन वेगळे प्रश्न

बायबलच्या नव्या करारातील मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशूने सांगितलेले बियांचे तीन दाखले, म्हणजे बोधकथा, आहेत. मोहरीच्या दाण्याचा दाखला लहानातून मोठे होण्याविषयी असल्याने तो सहसा वेगळा ओळखू येतो. पेरणाऱ्याचा दाखला (वचने 3 ते 20) आणि आपोआप वाढणाऱ्या बीजाचा दाखला (वचने 26 ते 29) यांची मात्र वारंवार सरमिसळ होते. दोन्हींत शेतकरी आहे, बी आहे, जमीन आहे आणि शेवटी पीक आहे. त्यामुळे ‘देवाचे वचन मनात रुजू द्यावे आणि वाढू द्यावे’ असा दोन्हींचा अर्थ एकाच वाक्यात उरकला जातो. वास्तविक पहिला दाखला वचन स्वीकारण्याविषयी आहे आणि दुसरा स्वीकारल्यानंतरच्या काळाविषयी. पहिल्यात माणसाच्या हाती काय आहे ते सांगितले आहे, दुसऱ्यात काय नाही ते.

पेरणारा पेरणीस निघतो आणि त्याचे काही बी वाटेवर, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत पडते. पाभरीने किंवा तिफणीने सरळ तासात होणारी पेरणी पाहिलेल्या वाचकाला हा शेतकरी निष्काळजी वाटण्याचा संभव आहे. परंतु त्या प्रदेशात बी हाताने फोकून पेरत, आणि पुष्कळदा पेरल्यानंतर नांगर फिरवीत. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात शब्बाथाच्या, म्हणजे साप्ताहिक विसाव्याच्या, दिवशी निषिद्ध असलेल्या कामांच्या यादीत पेरणी आधी आणि नांगरणी नंतर येते. हा उलटा क्रम का, याची चर्चा पुढे तालमूद या मिश्नावरील विवेचनाच्या ग्रंथात झाली आणि इस्राएल देशात आधी पेरून मग नांगरतात, असे त्याचे उत्तर दिले गेले. तेव्हा वाटेवर आणि काट्यांत बी पडणे ही श्रोत्यांच्या नेहमीच्या पाहण्यातली गोष्ट असणार. ख्रिस्ती धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखिया नगरात दिलेल्या प्रवचनात हाच प्रश्न वेगळ्या अंगाने हाताळला: खऱ्या शेतकऱ्याने खडकावर पेरणे शहाणपणाचे नव्हे, पण माणसाच्या बाबतीत खडकाची सुपीक जमीन होऊ शकते, वाट तुडवली जाणे थांबू शकते आणि काटे उपटता येतात. हे स्पष्टीकरण मला महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे चार जमिनी म्हणजे चार कायमच्या जाती ठरत नाहीत.

या दाखल्याचा अर्थ येशूने स्वतः उलगडला आहे. बी म्हणजे वचन. वाटेवरचे बी पाखरे खाऊन टाकतात, तसे वचन सैतान हिरावून नेतो. खडकाळ जागी आनंदाने स्वीकारलेले वचन मूळ नसल्यामुळे संकट किंवा छळ येताच सुकते. काट्यांमध्ये प्रपंचाची चिंता, द्रव्याचा मोह आणि इतर वासना त्याची वाढ खुंटवतात. दाखला ‘ऐका’ या शब्दाने सुरू होतो आणि ज्याला कान आहेत त्याने ऐकावे, या वाक्याने संपतो. बियाणे सगळीकडे एकच आहे, पेरणाराही एकच आहे. फरक पडतो तो केवळ ऐकणाऱ्यात. म्हणून हा दाखला आत्मपरीक्षणाचा आहे आणि आपल्या मनाची माती कोणती, हे विचारण्याचा अधिकार तो वाचकाला देतो.

दुसऱ्या दाखल्यात हा प्रश्नच उद्भवत नाही. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो; बी रुजते आणि वाढते, पण ते कसे, हे त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते: आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. येथे वाट नाही, खडक नाही, पाखरे नाहीत. पहिल्या दाखल्यात जी जमीन संशयाच्या फेऱ्यात होती, तीच येथे सगळे काम करते. शेतकऱ्याने खुरपणी किंवा राखण केली नसेल असे नव्हे. ती कामे श्रोत्यांना ठाऊक होती, आणि म्हणूनच त्यांचा उल्लेख न करणे हेतुपुरस्सर वाटते. तेथे साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहिल्या पावसानंतर पेरणी होई, सातू वल्हांडण या वसंतातील यहुदी सणाच्या सुमारास आणि गहू त्यानंतर काही आठवड्यांनी तयार होई. मधले महिने घाई करून कमी होणारे नव्हते.

‘आपोआप’ या शब्दावर थोडे थांबले पाहिजे, कारण गैरसमज तेथेच शिरतो. मूळ ग्रीक शब्द ‘ऑटोमाटे’ हा आहे. नव्या करारात तो आणखी एकदाच येतो: ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अध्याय 12 मध्ये, तुरुंगातून बाहेर पडणाऱ्या येशूच्या शिष्यासमोर, पेत्रासमोर, नगराचा लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो तेथे. वाचकाला ठाऊक असते की दरवाजा देवाच्या दूताच्या सोबतीने उघडला आहे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात हाच शब्द सातव्या वर्षी, म्हणजे जमिनीच्या विसाव्याच्या वर्षी, न पेरता उगवलेल्या पिकासाठी वापरला आहे. थोडक्यात, हा शब्द देवाला वगळत नाही, माणसाच्या हाताला वगळतो. ‘आपोआप’चा अर्थ ‘यंत्रासारखे’ किंवा ‘काही न करता चालेल’ असा लावणे म्हणजे दाखल्यातील विश्वासाचा आळसाशी घोटाळा करणे होय.

दोन्ही दाखल्यांतील काळाची चाल वेगळी आहे, हे मार्कच्या एका आवडत्या शब्दावरून दिसते. ‘लगेच’ हा शब्द पहिल्या दाखल्यात आणि त्याच्या स्पष्टीकरणात चार वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी अपयशाच्या बाजूला: खडकाळ जागी बी लगेच उगवते, सैतान लगेच येतो, उथळ मनाचे लोक वचन लगेच आनंदाने स्वीकारतात आणि लगेच अडखळतात. चांगल्या जमिनीबाबत हा शब्द एकदाही नाही. लूकने तर आपल्या शुभवर्तमानात तेथे धीराने फळ देण्याचा उल्लेख केला आहे. दुसऱ्या दाखल्यात ‘लगेच’ एकदाच येतो, अगदी शेवटी, दाणा पिकल्यावर विळा घालताना. आंतरिक वाढीविषयी बोलताना झटपट झालेल्या पालटाचे आपल्याला मोठे कौतुक असते. या अध्यायात मात्र भराभर उगवणे हे खोल माती नसल्याचे लक्षण आहे.

पोप थोर ग्रेगरी यांनी पात, कणीस आणि दाणा या तीन अवस्थांत साधकाच्या वाटचालीच्या पायऱ्या पाहिल्या: चांगुलपणाची कोवळी सुरुवात, सद्गुणांतील प्रगती आणि परिपक्वता. हे वाचन सुंदर आहे, पण त्याला पहिल्या दाखल्यातील तीसपट, साठपट, शंभरपट हे आकडे जोडले, की गडबड होते. ते आकडे पिकाचे प्रमाण सांगतात आणि तिन्ही प्रमाणे चांगल्या जमिनीचीच आहेत. पात, कणीस आणि दाणा या मात्र एकाच रोपाच्या अवस्था आहेत. कणीस न धरलेली पात म्हणजे कमी प्रतीचे पीक नव्हे, तिची वेळ आलेली नाही एवढेच. नव्याने श्रद्धा धरलेल्या माणसाला पहिल्या दाखल्याच्या मोजपट्टीने रोज तपासत राहिले, तर तो रुजलेले बी उकरून पाहू लागतो. उलट, मनात काटे माजलेल्या माणसाला दुसरा दाखला सांगून निवांत केले, तर काटे तसेच राहतात.

दुसऱ्या दाखल्यातील शेतकरी कोण, याचे उत्तर सोपे नाही. वाढ कशी होते हे त्याला कळत नाही, म्हणून तो देव असू शकत नाही. पण शेवटचा विळा योएल संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायातील न्यायाच्या कापणीची आठवण करून देतो आणि तो विळा देवाचा आहे. पहिल्यासारखी शब्दाला शब्द जोडणारी किल्ली येथे दिलेली नाही आणि ती शोधू नये, असे माझे मत आहे. शिवाय आरंभीच ‘देवाचे राज्य असे आहे’ म्हटल्याने हा दाखला एका माणसाच्या अंतःकरणापुरता मर्यादित ठेवता येत नाही. आंतरिक वाढ हा त्या राज्याचा एक भाग आहे.

हा दुसरा दाखला केवळ मार्कमध्ये आढळतो. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात साधारण याच जागी निदणाचा, म्हणजे तणाचा, दाखला येतो, आणि तेथेही लोक झोपतात. मात्र त्या झोपेत वैरी येऊन गव्हात निदण पेरून जातो. ते उपटून टाकू का, असे दास विचारतात तेव्हा धनी त्यांना कापणीपर्यंत थांबायला सांगतो.