आघाडी सरकार आणि कोकणचा कौल

आघाडी सरकार : लोकसभा निवडणुकीत एकाही पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले नाही, तर दोन किंवा अधिक पक्षांनी मिळून बनवलेले केंद्र सरकार. ५४३ जागांच्या लोकसभेत २७२ हा बहुमताचा आकडा आहे. कोकणचे बळ यात आकड्याने किरकोळच. २००८च्या फेररचनेपूर्वी कुलाबा, रत्नागिरी आणि राजापूर असे तीन मतदारसंघ किनाऱ्यावर होते. आता रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे दोन उरले आहेत. (पनवेल, उरण, कर्जत हा भाग घाटावरच्या मावळला जोडला आहे.) तरीही कोकणच्या वाट्याला दिल्लीतून जे मोठे आले, त्यातले बरेचसे आघाड्यांच्या काळात आले.

कौल हा शब्द निकालाच्या बातम्यांत सगळीकडे वापरला जातो, पण तळकोकणात तो आधी देवळातला आहे. गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या रीतिरिवाजांच्या कारभारात, पेच पडला की गुरव ग्रामदेवतेच्या पाषाणाला तांदूळ किंवा कळ्या लावतो आणि उजवा कौल पडतो की डावा, याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. रीत गावागणिक बदलते. प्रचाराचा नारळही याच देवळात फुटतो. गाऱ्हाणे घातले जाते, आणि प्रत्येक मागणीला जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. लोकसभेचे मतदान अलीकडे एप्रिल-मेमध्येच येते. २०२४ साली ते ७ मे रोजी झाले. म्हणजे हापूसची तोड, लग्नसराई आणि चाकरमान्यांची सुट्टी एकाच वेळी. रातराणीने पहाटे उतरलेला चाकरमानी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून घरी जातो, चहा घेऊन शाळेतल्या केंद्रावर रांग लावतो, आणि डाव्या तर्जनीवरची शाई वाळायच्या आत आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरायला बसतो.

निकालानंतरचे काम दिल्लीत होते. निवडणूक आयोग विजयी उमेदवारांची अधिसूचना राष्ट्रपतींकडे देतो. पक्ष आपापला नेता निवडतात आणि पाठिंब्याची पत्रे राष्ट्रपती भवनात जातात. अनुच्छेद ७५प्रमाणे पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात. मंत्रिमंडळ मात्र लोकसभेला सामुदायिकपणे जबाबदार असते, म्हणून खरी परीक्षा विश्वासदर्शक ठरावाची. काही पक्ष सरकारात न बसता बाहेरून पाठिंबा देतात. घटकपक्षांत मतभेद असतात, त्यामुळे ज्यावर एकमत आहे तेवढाच किमान समान कार्यक्रम कागदावर येतो. १९८५चा पक्षांतरबंदी कायदा आणि मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या १५ टक्क्यांपर्यंत बांधणारी २००३ची ९१वी घटनादुरुस्ती, या दोन्हींनी या व्यवहाराला लगाम घातला.

राजापूरची परंपरा वेगळी म्हणून ती सविस्तर सांगायला हवी. १९५७पासून बॅरिस्टर नाथ पै येथून प्रजा समाजवादी पक्षातर्फे सलग तीनदा निवडून आले. जानेवारी १९७१मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या लाटेत महाराष्ट्रातल्या ४५पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या, तरी राजापूरने समाजवादी प्राध्यापक मधु दंडवते यांनाच दिल्लीला धाडले. लाटेविरुद्ध उभे राहायला धीर लागतो. तो या गरीब, मनिऑर्डरवर चालणाऱ्या मुलखाने दाखवला, आणि पुढच्या घटनांकडे पाहता तो वाया गेला नाही.

आणीबाणीत दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. १९७७च्या निवडणुकीत राजापुरातून ते, रत्नागिरीतून जनता पक्षाचे बापूसाहेब परुळेकर आणि कुलाब्यातून शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील, असे तिन्ही खासदार काँग्रेसविरोधी निवडून आले. जनता सरकारला पाठ्यपुस्तके एकपक्षीय म्हणतात, पण मोरारजी देसाई यांनी २४ मार्चला शपथ घेतली तेव्हा घटकपक्षांचे विलीनीकरण व्हायचे होते. ते रीतसर १ मे रोजी झाले. वागणुकीने ती पहिली केंद्रीय आघाडीच होती, आणि आतल्या भांडणांनीच ती १९७९मध्ये कोसळली. त्या दोन वर्षांत दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोमच्या गाद्या बसवायला त्यांनी सुरुवात केली. उघड्या फळीवर रात्र काढलेल्या माणसालाच त्या दोन इंचांची किंमत कळेल.

१९८९च्या निकालात काँग्रेस १९७ जागांसह सर्वांत मोठा पक्ष होता, पण त्याने दावा केला नाही. जनता दलाच्या १४३ खासदारांवर उभे असलेले विश्वनाथ प्रताप सिंह यांचे राष्ट्रीय आघाडी सरकार भाजप आणि डाव्यांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर चालले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री. कोकण रेल्वेची मागणी जुनी होती, अडचण पैशाची होती. जुलै १९९०मध्ये स्वतंत्र महामंडळ नोंदवले गेले. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. बाकीची रक्कम मुख्यतः रोख्यांतून उभी करायची ठरली आणि बांधणीची जबाबदारी ई. श्रीधरन यांच्यावर आली. ७ नोव्हेंबरला सरकार १४२ विरुद्ध ३४६ मतांनी पडले. महामंडळ मात्र राहिले. जेमतेम वर्षभर टिकलेले सरकार कुचकामी असते, हे मत कोकणात तरी खरे ठरत नाही.

१९९१मध्ये दंडवते हरले. संयुक्त आघाडीच्या काळात, १९९६ ते ९८, ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते, आणि कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. तेव्हा याच आघाडीचे पंतप्रधान इंद्रकुमार गुजराल यांचे सरकार राजीनामा देऊन काळजीवाहू म्हणून उरले होते.

त्याच काळातली दुसरी आघाडी शिवसेना-भाजपची. राजापूरचे शिवसेना खासदार सुरेश प्रभू १९९६च्या तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारात उद्योगमंत्री झाले, पुढे ऊर्जामंत्री. २००२मध्ये पक्षाने त्यांच्या जागी रत्नागिरीच्या अनंत गीते यांना पाठवले. आघाडीत मंत्रिपद व्यक्तीचे नसते, घटकपक्षाच्या वाट्याचे असते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. २०१४मध्ये भाजपला एकट्यालाच बहुमत मिळाले. तरी रायगडात केवळ २,११० मतांनी निवडून आलेल्या गीते यांना मंत्रिमंडळात जागा मिळाली.

२०२४मध्ये भाजप २४० जागांवर थांबला आणि तेलुगू देसमचे १६, संयुक्त जनता दलाचे १२ खासदार पुन्हा मोलाचे ठरले. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भाजपचे नारायण राणे ४७,८५८ मतांनी जिंकले. रायगडात सुनील तटकरे निवडून आले. अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसची देशभरातली ती एकमेव जागा होती. एका जागेच्या वाट्याला स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्रिपद देऊ केले गेले. पक्षाने कॅबिनेट दर्जाचा आग्रह धरला आणि ९ जूनच्या शपथविधीत त्यांच्यापैकी कोणी शपथ घेतली नाही.