गेममध्ये नाडी १३०, पण हृदयाने काम किती केलं?

टीव्हीसमोर उभं राहून दहा मिनिटं बॉक्सिंगचा गेम खेळला की घड्याळ नाडी १३० च्या आसपास दाखवू शकतं. सोफ्यावर बसून नुसते अंगठे हलवत ऑनलाइन लढाईच्या शेवटच्या टप्प्यात अडकलेल्या मुलाची नाडीही शंभरच्या बरीच वर गेलेली असते. दोन्ही आकडे खरेच असतात. पण हृदयाच्या तब्येतीसाठी त्यांची किंमत सारखी नाही. अंग हलवून खेळायच्या गेमबद्दल जे काही सांगायचं आहे ते बहुतेक या फरकात येतं.

विश्रांतीत हृदय एका ठोक्यात साधारण ७० मिलिलीटर रक्त बाहेर टाकतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास पाच लीटर होतात. चालताना किंवा धावताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू आवळतात, सैलावतात आणि शिरांमधलं रक्त वर ढकलतात. हृदयाकडे परत येणारं रक्त वाढलं की ते जास्त भरतं, जास्त ताणलं जातं आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकतं. ठोके १३० आणि प्रत्येक ठोक्याला ११० मिलिलीटर असा हिशेब झाला, तर मिनिटाला चौदा लीटरच्या वर रक्त फिरतं. कित्येक आठवडे हे होत राहिलं की हृदयाची भरण्याची क्षमता वाढते, विश्रांतीतली नाडी खाली येते आणि जिना चढताना लागणारा दम कमी होतो.

बसून खेळताना यातलं फारसं काही होत नाही. अॅड्रेनालिन नाडी वाढवतं, रक्तदाबही चढवतं, पण पायांचे स्नायू स्वस्थ असतात. ऑक्सिजनची मागणी वाढलेली नसते आणि परत येणारं रक्तही जवळपास तेवढंच राहतं. ठोके वाढले, स्नायूंचं काम वाढलं नाही.

बॉक्सिंग किंवा टेनिसचा गेम या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतो, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे. हातांचे स्नायू पायांच्या मानाने लहान. ऑक्सिजनचा खप सारखाच ठेवून काम हातांनी केलं, तर पायांनी केलेल्या कामापेक्षा नाडी आणि रक्तदाब दोन्ही जास्त वाढतात. काम न करणाऱ्या स्नायूंच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात, पायांचा ‘पंप’ मदतीला नसतो, आणि हृदय ती कसर ठोके वाढवून भरून काढतं. घड्याळ मात्र कॅलरी काढताना बहुतेक नाडीवर भिस्त ठेवतं, आणि नाडी व ऑक्सिजन यांचं चालण्या-धावण्यातलं गणित हातांच्या खेळाला चपखल बसत नाही. म्हणून अशा गेमनंतर दिसणारा कॅलरींचा आकडा बऱ्याचदा फुगलेला असतो. त्या हिशेबावर संध्याकाळी बटाटावडा खाऊ नये, एवढंच म्हणतो.

मग नेमकं काम किती होतं? निन्टेन्डोचा वी हा कन्सोल २००६ च्या अखेरीस आला आणि मोजमापांना सुरुवात झाली. लिव्हरपूलच्या संशोधकांनी २००७ मध्ये १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना वीवरचे बोलिंग, टेनिस आणि बॉक्सिंग खेळायला लावलं, आणि तुलनेसाठी बसून खेळायचा कार-शर्यतीचा गेम दिला. हालचालीच्या गेममध्ये ऊर्जेचा खप किमान ५१ टक्क्यांनी जास्त निघाला. ऐकायला छान वाटतं. पण हा खप खऱ्या मैदानावरच्या टेनिस-बॉक्सिंगपेक्षा बराच कमी होता, आणि मुलांसाठी सुचवलेल्या रोजच्या व्यायामात धरावा इतका तर नव्हताच.

मोठ्यांसाठी जास्त काटेकोर मोजणी जपानमध्ये झाली. खास बंद खोलीत माणसाला ठेवून त्याने किती ऑक्सिजन वापरला हे मोजतात, तशा खोलीत प्रौढांकडून वी स्पोर्ट्स आणि वी फिटमधले ६८ प्रकार करून घेतले. निष्कर्ष २०१० मध्ये आले. इथे एकक होतं ‘मेट’. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खप म्हणजे १ मेट, दर किलो वजनाला मिनिटाला ३.५ मिलिलीटर ऑक्सिजन. ३ ते ६ मेट म्हणजे मध्यम व्यायाम, त्यावर जोरदार. गोल्फ २.०, बोलिंग २.६, टेनिस आणि बेसबॉल ३.०, बॉक्सिंग ४.२ असे आकडे निघाले. ६८ पैकी ४६ प्रकार ३ मेटच्या खालचे, म्हणजे हलकेच. ६ च्या वर एकही गेला नाही.

साठ किलोच्या माणसाच्या भाषेत बोलायचं तर ४.२ मेट म्हणजे मिनिटाला सुमारे ८८० मिलिलीटर ऑक्सिजन, अंदाजे साडेचार कॅलरी. ताशी साडेपाच किलोमीटरच्या झपझप चालण्यात साधारण एवढाच खप होतो. सावकाश धावणं सातच्या आसपास जातं. म्हणजे चांगला, पाय हलवत खेळलेला बॉक्सिंग-गेम हा झपझप चालण्याला पर्याय ठरू शकतो. गोल्फ आणि बोलिंग नाही.

‘पाय हलवत’ हे सहज म्हटलेलं नाही. वीच्या रिमोटमध्ये त्वरण मोजणारा सेन्सर आहे, त्याला तुमच्या खांद्याचं किंवा गुडघ्याचं काही कळत नाही. मनगटाचा एक झटका दिला तरी टेनिसचा जोरदार फटका बसतो. मुलांना ही गोष्ट पहिल्या दिवशीच समजते. दुसऱ्या दिवसापासून ती सोफ्यावर लोळून विम्बल्डन जिंकतात. सराव वाढतो तसा खप कमी होत जातो. पायाखालच्या बाणांवर नाचायच्या गेमचं उलटं आहे. १९९८ मध्ये जपानच्या आर्केडमध्ये आलेल्या डान्स डान्स रेव्होल्यूशनमध्ये वरच्या लेव्हलला पावलं वेगाने टाकावीच लागतात, तिथे पळवाट नाही. म्हणून मुरलेला खेळाडू नवशिक्यापेक्षा जास्त ऊर्जा खर्च करतो. गेम निवडताना मी एकच प्रश्न विचारायला सांगेन: हा बसून जिंकता येतो का? येत असेल तर तो हृदयासाठी व्यायाम धरू नका.

घरात कन्सोल आणला म्हणजे मुलं आपोआप जास्त हलतील, ही आशाही तपासून झाली आहे. ह्यूस्टनमध्ये ९ ते १२ वर्षांच्या मुलांना वी देऊन काहींना हालचालीचे, काहींना बैठे गेम दिले आणि बारा-तेरा आठवडे कमरेला हालचाल-मापक लावून पाहिलं. २०१२ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांच्या एकूण हालचालीत फरक नाही. कोणी किती वेळ खेळायचं हे ठरवून दिलेलं नव्हतं. ठरलेली वेळ नसेल तर कपाटातल्या दोरीउड्यांची आणि कन्सोलची गत एकच होते.

ठरवून करायचं असेल तर त्याला आकार द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला मध्यम व्यायामाची १५० ते ३०० मिनिटं हवीत. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं, त्यात आठवड्यातून तीन दिवस जोरदार. सुरुवातीची पाच मिनिटं संथ गेम किंवा जागच्या जागी चालणं, मग २० ते ३० मिनिटं पायांचे गेम: जागेवर धावणं, बैठका, पावलांचे नाच, टाचा उचलून सरकत खेळायचं बॉक्सिंग. घड्याळाची ३० मिनिटं म्हणजे खेळाची ३० मिनिटं नव्हेत. मेन्यू, रिप्ले, गुणफलक आणि लोडिंगमध्ये बराच वेळ जातो, आणि थांबल्यावर मिनिटभरात नाडी झरझर उतरते. त्या वेळात पावलं मारत राहायचं. जोरात खेळून एकदम खुर्चीत कोसळू नये: पायांत पसरलेलं रक्त वर ढकलायला स्नायू थांबलेले असतात, रक्तदाब घसरतो आणि उठताना घेरी येते. शेवटची पाच मिनिटं हळूहळू उतरायचं.

जागा निदान दोन मीटर लांब हवी. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उड्या मारू नयेत, आणि हात वर करण्याआधी छताचा पंखा किती उंचावर आहे ते पाहून घ्यावं. खांदाही जपावा. २००७ मध्ये एका डॉक्टरने वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं होतं, की वीवर तासन् तास टेनिस खेळून उजवा खांदा जबर दुखू लागला, आणि त्या दुखण्याला त्यांनी वीच्याच नावाचं निदान बहाल केलं. दमट उन्हाळ्यात बंद खोलीत तेच काम करताना नाडी आणखी वाढते, कारण रक्ताचा काही भाग त्वचा थंड करायला जातो. तेव्हाचा वाढीव आकडा प्रगतीचा समजू नये.

आपली योग्य नाडी काढायला थोडी आकडेमोड लागते. वयाला ०.७ ने गुणा, २०८ मधून वजा करा. ही अंदाजे कमाल नाडी. पंचेचाळिशीच्या माणसाची साधारण १७६. सकाळी उठल्या उठल्या मोजलेली नाडी ७२ असेल तर उरतात १०४. त्याचे ४० ते ५९ टक्के ७२ मध्ये मिळवले की ११४ ते १३३ ही मध्यम व्यायामाची पट्टी मिळते. सूत्रात दहा ठोक्यांची चूक सहज असते, म्हणून सोबत बोलून पाहावं: पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर वेग बरोबर. हातांच्या गेममध्ये मी नाडीपेक्षा या परीक्षेवर जास्त विश्वास ठेवीन. मनगटी घड्याळ हिरव्या प्रकाशाने त्वचेखालचं रक्त पाहतं. हात जोरात फिरला की पट्टा सरकतो आणि ते नाडीऐवजी ठोशांची लय मोजू लागतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधावा. नाहीतर छातीचा पट्टा घ्यावा. काहीच नसेल तर थांबताक्षणी १५ सेकंद नाडी मोजून चौपट करावी.

बीपीसाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडीची ही पट्टी लागूच पडत नाही, कारण गोळी नाडी चढू देत नाही. तिथे दम किती लागतो हेच प्रमाण. रिंग फिट अॅडव्हेंचरसारख्या गेममध्ये हातातलं लवचिक कडं दाबून धरावं लागतं. स्नायू आवळून धरले की त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या दबतात आणि रक्तदाब चढतो. त्यात श्वास रोखला तर आणखी चढतो. रक्तदाब आटोक्यात नसणाऱ्यांनी ते प्रकार टाळावेत, आणि इतरांनी करताना तोंडाने श्वास सोडत दाबावं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, न शोभेल इतकी धाप, असं काही झालं तर लेव्हल अर्धवट सोडून थांबायचं. दोन-चार मिनिटांत कळ गेली नाही तर थेट रुग्णालय.

हृदय अशक्त झालेल्या रुग्णांवरही हे आजमावलं गेलं. स्वीडनमधून चाललेल्या एका मोठ्या चाचणीत सहाशेहून अधिक रुग्ण होते, सरासरी वय ६७. एका गटाला घरी वी बसवून आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास खेळायला सांगितलं, दुसऱ्याला नुसतं व्यायामाचं प्रोत्साहन दिलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात, तीन महिन्यांनंतर सहा मिनिटांत चालता येणाऱ्या अंतरात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. खेळ सुरक्षित निघाला, पण फिरायला जाणं सोडून त्याच्या भरवशावर राहावं असं काही मिळालं नाही.

धोका कुठे आहे, तर तो बैठ्या गेममध्ये सापडला. सिडनीच्या बालहृदयतज्ज्ञांनी २०२२ मध्ये गेम खेळताना हृदयाची लय बिघडलेल्या २२ मुलांची माहिती एकत्र केली. सहा जणांचं हृदय थांबलं होतं, चार दगावली. बहुतेक जण अनेकांनी मिळून खेळायचे युद्धाचे गेम खेळत होते. गेमने हृदय बिघडवलेलं नव्हतं. अनेकांत आधीपासून जन्मजात दोष होता, सर्वाधिक सीपीव्हीटी नावाचा. त्यात अॅड्रेनालिन वाढलं की खालच्या कप्प्यांचे ठोके बेलगाम होतात. असा दोष विरळाच, पण तो शोधताना एक अडचण येते: झोपवून काढलेला साधा ईसीजी बहुतेक वेळा अगदी नॉर्मल येतो, टू-डी इकोही. लय बिघडते ती ट्रेडमिलवर चालवून घेतलेल्या स्ट्रेस टेस्टमध्ये. म्हणून मूल गेम जिंकताना-हरताना, पोहताना किंवा धावताना बेशुद्ध पडलं असेल, किंवा घराण्यात चाळिशीच्या आत कोणी अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना ‘चक्कर आली’ एवढंच सांगू नका. त्या क्षणी ते काय करत होतं तेही सांगा, आणि तपासणी होईपर्यंत पोहणं, धावणं व असे गेम तिन्ही थांबवा. पडलेलं मूल हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा, छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या वेगाने साधारण पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायला लागा, आणि मदत येईपर्यंत थांबू नका.