पुणे ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर आणि प्रवासाचा वेळ

लोहगाव विमानतळापासून सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचं सरळ हवाई अंतर साधारण 13,500 किमी आहे. ताशी 900 किमीने विमान न थांबता उडालं तर 15 तास, पण पुण्याहून अशी थेट फ्लाइट नाही, त्यामुळे हा आकडा कागदावरच राहतो. मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांनी इथलं कुलूप लावल्यापासून तिकडची बेल वाजेपर्यंत 24 ते 30 तास धरावेत, माझ्या मते प्रवासाचा खरा वेळ तोच.

सरळ अंतर म्हणजे भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा घ्या, एक टोक पुण्यावर, दुसरं कॅलिफोर्नियावर, आणि ताणा. दोरा पॅसिफिककडे जातच नाही, तो उत्तरेला सरकतो आणि सायबेरियावरून थेट 75 अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास जाऊन मग खाली उतरतो. या वाटेला ग्रेट सर्कल म्हणतात, मराठीत बृहद्वृत्त.

तरी विमानं दरवेळी याच वाटेने जात नाहीत कारण वारा महत्त्वाचा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, तो पाठीशी असला की वेळ वाचतो. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को फ्लाइट अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेली, अंतर वाढून 15,300 किमी झालं पण प्रवास साडेचौदा तासांवर आला, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. दुसरी गोष्ट हवाई हद्दीची. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानची हद्द भारतीय विमानांना बंद झाली तशा पश्चिमेकडच्या बऱ्याच फेऱ्या लांबल्या.

आता पुण्याचं. लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ, धावपट्टी 2,535 मीटर, त्यात पुणे समुद्रसपाटीपासून जवळपास 590 मीटर उंच. उंचीवर आणि उन्हाळ्यात हवा विरळ होते, विमानाला उचलायला जास्त धावावं लागतं, म्हणून इंधनाने भरलेलं मोठं विमान इथून उडवणं अवघड. मग दिल्लीमार्गे जा, पुणे–दिल्ली दोन तासांचं आहे, नाहीतर कॅबने मुंबई गाठा. मुंबई विमानतळ 150 किमीच्या आसपास, रस्ता मोकळा असला तर तीन तास, पण बोरघाटात एखादा ट्रक बंद पडला की पाच तासही कमी पडतात, तेव्हा रात्री 2 च्या फ्लाइटसाठी संध्याकाळी 6 लाच निघालेलं बरं, इंटरनॅशनलला तीन तास आधी हजर राहायचं असतं हेही धरा.

तारखेचा गोंधळ सगळ्यांचाच होतो. सॅन फ्रान्सिस्को आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेबारा तास आणि हिवाळ्यात साडेतेरा. जानेवारीत मंगळवारी पहाटे 2 ला मुंबईहून निघून 22 तास प्रवास केला तर तिथे मंगळवारचेच सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. येताना मात्र एक अख्खा दिवस हातातून जातो. गोळ्यांच्या वेळा आधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून द्याव्यात. माझ्या आईने तो कागद पर्समध्ये ठेवला होता आणि मनगटावरचं घड्याळ परत येईपर्यंत पुण्याच्याच वेळेवर चालू ठेवलं होतं.