फळीभर पाण्याचा हिशोब

पाणथळ जागा आणि तिला लागून असलेली झाडी लोकांसाठी खुली करायचे ठरले, की चर्चा बहुधा बाके, फलक आणि वाहनतळ यांपासून सुरू होते. तेथे कोणते पक्षी उतरतील हे मात्र पाणी बाहेर सोडण्याच्या दारात एकावर एक बसवलेल्या साध्या लाकडी फळ्यांवर अधिक अवलंबून असते. यांतली एक फळी काढली, की पाणी तिच्या रुंदीइतके, म्हणजे दहा-पंधरा सेंटिमीटर उतरते आणि काठावरचे पाहुणे बदलतात. तुतवारासारख्या काठाच्या चिखलात खाद्य टिपणाऱ्या पक्ष्यांना जेमतेम पाय बुडतील एवढेच पाणी चालते. शेपूट वर करून तळ चाचपणाऱ्या बदकांची मान साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत पोचते. बुडी मारणाऱ्या बदकांना त्याहून खोल पाणी लागते. म्हणूनच सुशोभीकरणाच्या नावाखाली तळ्याचे काठ उभे कापून दगडांनी बांधून काढले, की तळे दिसायला नेटके होते, पण उथळ पट्टाच नाहीसा झाल्याने बहुतेक पक्ष्यांच्या दृष्टीने ते निरुपयोगी ठरते.

पाणी कायम एकाच पातळीवर ठेवणेही हिताचे नसते. काही आठवडे तळाचा काही भाग उघडा पडू दिला, तर त्या गाळाला हवा लागते, कुजलेला पालापाचोळा वेगाने विघटित होतो आणि गाळात दबून राहिलेले बी रुजते. पुढे पाणी हळूहळू चढवले, की त्या वनस्पतींचे दाणे आणि त्यांच्या आधाराने वाढलेले कीटक बदकांना आयते मिळतात. विणीच्या काळात मात्र या फळ्यांना हात लावू नये, कारण काठाशी जमिनीवर केलेली घरटी अचानक चढलेल्या पाण्यात एका रात्रीत बुडतात.

‘निसर्गाला त्याच्या मर्जीवर सोडा’ हा सल्ला ऐकायला गोड असला, तरी उथळ पाणथळ जागा तशी सोडल्यास गाळाने भरते, पाणकणीस मोकळे पाणी व्यापते आणि कालांतराने तेथे झुडपे उभी राहतात. पाणकणीस कापण्यातही एक खुबी आहे. त्याची खोडे आतून पोकळ, सच्छिद्र असतात आणि वाळलेली खोडेसुद्धा नळीसारखी हवा खाली चिखलातल्या कंदांपर्यंत पोचवतात. त्यामुळे ती पाण्याच्या पातळीखाली कापून तुटलेली टोके बुडालेली राहिली, तर कंद गुदमरतात, आणि पातळीच्या वर कापली तर पुन्हा फुटतात. अर्थात, सगळे बेट एकदम काढायचे नसते. दरवर्षी एकेक भाग काढला, तर पाणकोंबड्यांना आडोसा उरतो.

झाडीच्या बाबतीत आपली घाई नेमकी उलट दिशेने होते. वठलेले झाड दिसले, की ते तोडण्याचा आदेश निघतो. वास्तविक सुतार पक्ष्याने त्यात कोरलेली ढोली पुढे घुबडे, वटवाघळे आणि इतर पक्षी वापरतात, तर खोडातील बुरशी व भुंग्यांच्या अळ्या अनेकांचे अन्न असतात. अशा झाडाच्या धोकादायक फांद्या उतरवून बुंधा उभा ठेवता येतो, आणि तेही जमत नसेल तर पायवाट वळवावी. शिवाय ‘सगळीकडे झाडे लावा’ हा उत्साह काठापर्यंत नेऊ नये. उंच झाडांवर शिकारी पक्षी टपून बसतात, म्हणून चिखलात चरणारे पक्षी मोकळी क्षितिजरेषा पसंत करतात. बगळ्यांना मात्र रात्रीच्या मुक्कामाला झाडे हवीच असतात. एक बाजू झाडीची आणि एक मोकळी, ही तडजोड त्यामुळे सर्वांत सोयीची ठरते.

राहता राहिली माणसे. इराणमधील रामसर येथे १९७१ साली झालेल्या करारानेही पाणथळ जागांच्या ‘विवेकी वापरा’चा पुरस्कार केला असून लोकांना पूर्णपणे बाहेर ठेवणे हे त्याचे उद्दिष्ट नाही. पक्ष्यांना आपल्या संख्येपेक्षा आपली अनिश्चितता अधिक त्रास देते. ठरलेल्या वाटेने रोज जाणाऱ्यांची त्यांना सवय होते. पण वाट सोडून कोणी थेट पाण्याकडे चालू लागले किंवा मोकळा कुत्रा धावला, की अख्खा थवा उठतो. उठण्याआधीही पक्षी चरणे थांबवून मान उंच करतात. लांबच्या स्थलांतरासाठी चरबी साठवण्याच्या दिवसांत असा वाया गेलेला वेळ महागात पडतो. म्हणून वाट पूर्ण प्रदक्षिणा घालणारी न आखता तळ्याच्या एकाच बाजूने न्यावी, झुडपांच्या आडून काही ठिकाणीच पाण्याजवळ आणावी, तेथे फटी ठेवलेली लाकडी भिंत उभारावी, आणि पलीकडचा काठ पक्ष्यांसाठी राखून ठेवावा.