एकरंगी रचनेची पार्श्वभूमी : वेरूळ, मकबरा आणि एका शाईची छपाई

एकरंगी रचनेचा, म्हणजे एकाच रंगाच्या गडद-फिक्या छटांत केलेल्या रचनेचा, दाखला म्हणून वेरूळच्या कैलास लेण्याचा फोटो सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. आठव्या शतकातल्या या लेण्यावर एके काळी पांढरा गिलावा आणि चित्रे होती. त्यांचे अवशेष अजून दिसतात. आजचा करडेपणा गिलावा झडल्यावर उरलेल्या बेसाल्ट खडकाचा आहे.

खरा दाखला छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा, १६६० च्या सुमाराचा. खाली कमरेच्या पट्ट्यापर्यंत संगमरवर, त्यावर घुमटाच्या पायथ्यापर्यंत बेसाल्ट आणि त्यावर बारीक गिलावा, घुमट पुन्हा संगमरवरी. सगळे पांढरेच, पण संगमरवर उजेड परतवतो आणि गिलावा तो विखुरतो. गिलाव्यातली उठावाची नक्षी तर निव्वळ सावलीवर दिसते. रंग एकच ठेवला की सगळा भार उजळपणा आणि पोत यांच्यावर पडतो, तो असा.

याचे शास्त्र मात्र युरोपात मांडले गेले. पॅरिसच्या गोबेलां विणकरखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. रंगाई विभागाचे प्रमुख, रसायनतज्ज्ञ शेव्रल यांनी दाखवले की रंगाईत दोष नाही. शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याला मारतात. त्यांचा ग्रंथ १८३९ चा. पुढे १९०५ मध्ये अमेरिकेचे चित्रकार मन्सेल यांनी रंगाचे तीन घटक वेगळे केले : मूळ रंग, उजळपणा (० काळा, १० पांढरा) आणि तीव्रता. पहिला स्थिर ठेवून उरलेले दोन हलवायचे, हीच एकरंगी संगती.

छापखान्यात ती काटकसरीतून रुजली : एक प्लेट, एक शाई. छटेचा टक्का म्हणजे शाईच्या टिंबांनी झाकलेला कागदाचा भाग. हँडबिलात १००, ६०, ३० आणि १० टक्के अशा चार छटा पुरतात. त्या ६०, ५०, ४० अशा जवळजवळ घेतल्या तर वृत्तपत्री कागदावर शाईचे टिंब पसरून सगळ्या सारख्याच दिसतात. ८० टक्क्यांची छटा तर जवळपास भरीव होते, आणि ५ च्या खालची उडून जाते. मजकूर १०० टक्क्यांतच ठेवावा. ३० टक्क्यांतली बारीक अक्षरे टिंबांनी फुटतात, मात्रा आणि अनुस्वार आधी जातात.

हाताने रंग मिसळताना पिवळ्यात काळा घालू नये, तो हिरवट होतो. गडद पिवळा हवा तर थोडा गेरू घालावा. पडद्यावर नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे लागते. फिकट निळ्यावर मध्यम निळी अक्षरे बहुतेक वेळा इथेच नापास होतात, म्हणून आराखडा आधी करड्या छटांत तपासावा आणि मगच रंग भरावा.