गुडघ्याच्या ऑपरेशनआधी वजनाचं ऑपरेशन: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

‘आधी वजन उतरवा, मग गुडघा बदलू,’ असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की बहुतेकांना ती टाळाटाळ वाटते. गुडघा चालू देत नाही आणि चालल्याशिवाय वजन उतरत नाही. या कोंडीतून सुटायचा एक मार्ग म्हणजे आधी बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया. तो सगळ्यांसाठी नाही, म्हणून आधी हिशेब करू.

४० चा आकडा

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. उंची १५५ सेंमी आणि वजन १०२ किलो असेल तर बीएमआय ४२.५ येतो. बरेच सर्जन ४० च्या वर असलेल्यांना थांबवतात. या उंचीला ४० म्हणजे ९६ किलो, म्हणजे कमी करायचे फक्त सहा किलो. सहा किलोसाठी ऑपरेशन टेबलावर जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आहार, पाण्यातले व्यायाम आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपॅटाइडची इंजेक्शनं यांनी तेवढं जमू शकतं. त्याच उंचीला ११८ किलो असतील तर बीएमआय ४९ आणि उतरवायचे २२ किलो. तिथे शस्त्रक्रियेचा विचार रास्त आहे.

४० ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञ आणि सांधेरोपण सर्जनांच्या संघटनांनी २०२३ मध्ये संयुक्त शिफारस केली, की नुसता वजनाचा आकडा गाठण्यासाठी सांधेरोपण लांबवू नये. मधुमेह आटोक्यात नसेल किंवा तंबाखू-सिगारेट चालू असेल तर मात्र थांबावं. म्हणून दुसऱ्या सर्जनचं मत जरूर घ्या. तरीही वजनाची भीती खोटी नाही. जाड थरातली जखम चिघळते, जंतुसंसर्ग वाढतो, नडगीच्या हाडात बसवलेला भाग सैल होऊ शकतो. जड रुग्णांना तिथे लांब दांडीचा भाग बसवतात तो यासाठीच.

मेलबर्नमधल्या ८२ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. जठराला पट्टा बसवून आधी वजन उतरवलेल्यांपैकी १४.६ टक्के जणांना गुंतागुंत झाली, थेट गुडघ्याकडे गेलेल्यांपैकी ३६.६ टक्क्यांना. शिवाय वजन उतरवलेल्यांपैकी २९ टक्के लोकांनी दुखणं कमी झाल्यामुळे गुडघा बदलायलाच नकार दिला. पट्टा आता क्वचितच बसवतात. हल्ली स्लीव्ह (जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात) किंवा बायपास (जठराचा छोटा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात) होतं. दोन्ही दुर्बिणीतून, चार-पाच छिद्रांतून. दवाखान्यात मुक्काम साधारण दोन-तीन दिवसांचा. वर्षभरात मूळ वजनाच्या २५ ते ३० टक्के वजन उतरतं. वरच्या ११८ किलोंचे साधारण ८३ ते ८८ होतात.

दोन ऑपरेशनांमधले महिने

खरी कसोटी इथे आहे. वजन झपाट्याने उतरत असताना शरीर स्वतःचेच स्नायू आणि प्रथिनं खात असतं. अशा वेळी गुडघ्याला छेद दिला तर जखम नीट भरत नाही. म्हणून किमान सहा महिने, बहुधा वर्षभर थांबतात आणि वजन स्थिरावल्यावरच तारीख देतात.

पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, पुढचे दोन मिक्सरमधून काढलेलं अन्न, मग मऊ जेवण आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं. मऊ भात आणि भाकरीचा मोठा घास अडकतो; चमचा छोटा घ्या. जेवताना पाणी नको, पुढे-मागे अर्धा तास सोडा. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम असतात. वरणाच्या पाण्यावर हा आकडा कधीच गाठत नाही, म्हणून शाकाहारी ग्राहकांनी सुरुवातीला प्रथिनांच्या पावडरीला नाक मुरडू नये. आणि उपास नकोत. चतुर्थी-एकादशीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता स्टार्च.

बी१२, लोह, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम सायट्रेट कायम घ्यायचं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

वारंवार उलट्या झाल्या तर घरी बसू नका. काही आठवड्यांतच शरीरातलं बी१ जीवनसत्त्व संपतं, पाय बधिर होतात, तोल जातो, आणि घरचे म्हणतात, गुडघ्यामुळेच होतंय. जवळचे डॉक्टर ग्लुकोजची सलाईन लावणार असतील तर आधी बी१ द्यायला सांगा. नाहीतर नुकसान वाढतं.

गुडघेदुखीच्या रुग्णाची ठरलेली चूक वेदनाशामकाची. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर व्रण पडतो, कधी तो फुटतोही. स्लीव्हनंतरही त्या टाळलेल्या बऱ्या. मेडिकलमधून ‘साधी दुखण्याची गोळी’ मागितली की बहुतेकदा मिश्रण हाती येतं: पट्टीच्या पुढच्या बाजूला ठळक नाव आणि मागे बारीक अक्षरांत पॅरासिटामॉलखाली अ‍ॅसिक्लोफिनॅक. पट्टी उलटी करून वाचा. नुसतं पॅरासिटामॉल चालतं.

व्यायाम पहिल्या महिन्यापासून. पाठीवर झोपून गुडघा सरळ ठेवत पाय वीतभर उचला, पाच सेकंद धरा; दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांडीचा स्नायू झिजला तर नवा गुडघाही डगमगतो.

कधी धावायचं

नाडी १२० च्या वर, ताप, डाव्या खांद्यात कळ, पोट दुखणं: पहिल्या काही आठवड्यांत यांपैकी काहीही झालं तर टाक्यांच्या रेषेतून गळती असू शकते. पोटरी सुजून दुखली तर रक्ताची गुठळी. अशा वेळी ‘सकाळी बघू’ म्हणू नका, रात्रीच निघा.

विमा

विमा नियामकाच्या नमुना कलमानुसार स्थूलतेच्या शस्त्रक्रियेचा खर्च बीएमआय ४० किंवा अधिक असताना मिळू शकतो. बीएमआय ३५ किंवा अधिक पण ४० च्या खाली असेल तर कमी त्रासाचे उपाय फसलेले असावे लागतात आणि सोबत स्थूलतेमुळे झालेला हृदयस्नायूचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास थांबण्याचा तीव्र आजार म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया किंवा अनियंत्रित टाइप २ मधुमेह लागतो. गुडघेदुखी या यादीत नाही! म्हणून घोरत असाल तर झोपेची तपासणी आणि साखरेची एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी) रक्ततपासणी आधीच करून घ्या. आजार असेल तर तो कागदावर हवा. वैद्यकीय सल्ल्याचं पत्र आणि आधीच्या आहार-उपचारांच्या नोंदीही जोडा.

गुडघ्याच्या सर्जनकडे परत जाताना फाइलमध्ये ठेवा: गेल्या तीन महिन्यांच्या वजनाच्या नोंदी, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन (३.५ च्या खाली असेल तर तारीख मागू नका), एचबीए१सी, ड आणि बी१२ ची पातळी, आणि स्लीव्ह झालं की बायपास हे लिहिलेलं डिस्चार्ज कार्ड. भूलतज्ज्ञही तेच मागतात. वजन कमी करण्याचं आठवडी इंजेक्शन चालू असेल तर त्यांना आधी सांगा. ते कधी थांबवायचं हे तेच ठरवतील.